ओल असेपर्यंत: नाशिकच्या शरदातल्या मुलांच्या खेळांची पार्श्वभूमी

दिवाळीच्या किल्ल्यासाठी माती कधी भिजत घालायची, याचं उत्तर नाशिकमध्ये दरवर्षी बदलतं. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला आलं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. बावीस दिवसांचा फरक. मोसमी पाऊस इथून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात निघतो. त्यामुळे दिवाळी लवकर आली तर अंगणातली माती वीतभर खाली अजून गार असते, कुदळ मारली की ढेकूळ हातानं फुटतं. दिवाळी लांबली तर तीच माती ऑक्टोबरच्या उन्हानं दगड झालेली असते आणि ती फोडून, चाळून, भिजवण्यात सुट्टीचे पहिले दोन दिवस जातात.

लहानपणीचा शरद म्हटलं की नाशिककर घट, भोंडला, आपट्याचं सोनं, कोजागरीचं दूध, किल्ला, आकाशकंदील अशी ठरलेली यादी सांगतात. धर्मशास्त्रात यांतल्या प्रत्येकाची कथा वेगळी आहे. मुलांच्या बाजूनं पाहिलं तर मात्र यातले बरेचसे खेळ एकाच गोष्टीवर उभे आहेत: पाऊस जाताना जमिनीत ठेवून गेलेली ओल. ती आहे तोवर माती वळते, बी रुजतं, बांधावर गवत असतं. ती संपली की थंडी पडते आणि सहामाहीचा निकालही लागतो.

घटातली माती

सुरुवात घटस्थापनेपासून होते. पत्रावळीवर किंवा परडीत दोन बोटं जाडीचा शेतातल्या काळ्या मातीचा थर, त्यात सात प्रकारचं धान्य, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट. धान्य रात्रभर भिजवून पेरलं तर लवकर मोड धरतं. घट मातीचाच का, याला श्रद्धेबरोबर एक साधं कारण आहे. कच्च्या भाजणीचा, आतून-बाहेरून रंग न दिलेला घट पाझरतो. चोवीस तास थोडं थोडं पाणी बाहेर झिरपत राहतं आणि भोवतालची माती ना चिखल होते, ना कोरडी पडते. हल्ली बाजारात ऑइलपेंटनं रंगवलेले, चमकी लावलेले घट येतात. ते पाझरत नाहीत. तांब्याचा कलश ठेवला तरी तेच. मग वरून पाणी घालावं लागतं, आणि घरातलं प्रत्येक जण आपापल्या परीनं ते घालतं. चौथ्या दिवशी धान्याला आंबूस वास येतो, पाचव्या दिवशी बुरशी. रंगवलेला घट आधीच आणला असेल तर पाणी फक्त सकाळी, हातानं शिंपडून, एकाच माणसानं घालावं.

देवघरात ऊन नसतं, म्हणून नवव्या दिवसापर्यंत रोप पाच-सहा इंच वाढतं आणि हिरवं न होता पिवळंधमक राहतं. तेच हवं असतं. दसऱ्याला हे तुरे देवाला वाहून मग टोपीत, केसांत खोवायचे. घट म्हणजे मुळात बियाण्याची परीक्षा, असं अनेक जाणते सांगतात. रब्बीच्या तोंडावर घरातलं कोणतं धान्य किती उगवतं, हे नऊ दिवसांत दिसतंच. गहू हाताशी आला आणि ज्वारी मागं राहिली, हे पोरांच्याही नजरेतून सुटत नाही.

हत्तीचं नक्षत्र

भोंडल्याच्या पाटावर हत्ती का काढतात, याचं उत्तर पंचांगात आहे. सूर्य २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि साधारण तेरा-चौदा दिवस तिथं असतो. हस्त आणि हस्ती, उच्चारातलं हे साम्य पकडून या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतात. तो गडगडाट करत, दुपारनंतर, मोठ्या थेंबांनी येतो. खरिपाला तो नकोसा, कारण सोयाबीन, बाजरी, मका काढणीला आलेली असते. रब्बीला मात्र हवाच, कारण हरभऱ्या-गव्हाच्या पेरणीची ओल तोच देतो. म्हणून मधे हत्ती, भोवती फेर धरलेल्या मुली, आणि हातात खिरापतीचे डबे.

हा खेळ महाराष्ट्रभर एकाच नावानं ओळखला जात नाही. कोल्हापूर-सांगलीकडं हादगा, पुण्याकडं भोंडला, खानदेशात गुलाबाई आणि विदर्भात भुलाबाई. नाशिक जिल्हा बरोबर या सीमेवर बसलाय. शहरात भोंडला म्हणतात, तर मालेगाव, सटाणा, कळवणच्या अहिराणी बोलणाऱ्या पट्ट्यावर खानदेशाची छाया. तिकडच्या गुलाबाई-भुलाबाईत हत्तीऐवजी शंकर-पार्वतीच्या मातीच्या मूर्ती बसतात आणि खेळ भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर चालतो. त्यामुळे जिल्ह्यातल्या दोन शेजारणींच्या लहानपणीच्या आठवणी जुळत नाहीत, तेव्हा दोघीही खरं बोलत असतात.

हादगा आणि भोंडला यांत एक तांत्रिक फरक आहे, तो बऱ्याच ठिकाणी चुकीचा सांगितला जातो. हादगा सूर्य हस्तात गेल्यापासून सोळा दिवस, म्हणजे तो सौर गणितावर चालतो आणि दरवर्षी जवळपास त्याच तारखांना येतो. भोंडला घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत नऊ दिवस, काही घरांत कोजागरीपर्यंत. म्हणजे तो तिथीवर चालतो आणि अधिकमासानुसार मागंपुढं सरकतो. २०२५ मध्ये घटस्थापना २२ सप्टेंबरला होती, सूर्य हस्तात जायच्या आधीच. २०२३ मध्ये ती १५ ऑक्टोबरला आली, तेव्हा हस्त संपून चित्रा लागलं होतं. पाटावरचा हत्ती त्या वर्षी नक्षत्राच्या नावाला उरला होता.

खिरापतीचा हिशेब मजेदार आहे. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत गेलं तर नऊ दिवसांच्या भोंडल्यात एकूण पंचेचाळीस पदार्थ होतात. सोळा दिवसांच्या हादग्यात एकशे छत्तीस. एका घरानं हे निभावणं शक्य नाही. म्हणून भोंडला आळीतून फिरतो, रोज दुसरीच्या दारात, आणि पदार्थांची संख्या हळूहळू "जमेल तेवढी" होते. खिरापत ओळखायची रीत मात्र टिकलीय: झाकलेला डबा हलवायचा आणि आवाजावरून सांगायचं. चुरमुरे, चिवडा, शेंगदाणे खडखडतात, म्हणून ते लगेच ओळखले जातात. वाटली डाळ, शिरा, साखरभात आवाज करत नाहीत. कोरडी खिरापत लपवायची तर डबा काठोकाठ भरून वर फडकं दाबायचं, आत हलायला जागाच ठेवायची नाही.

गाण्यांबद्दल एक गोष्ट आज सहज लक्षात येत नाही. सात-आठ वर्षांच्या मुली सासूचा जाच, माहेरचं बोलावणं, नणंदेचा खवचटपणा का गातात? कारण ही गाणी रचली गेली तेव्हा त्या वयाच्या मुलींची लग्नं झालेली असत. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ चा. तो १ एप्रिल १९३० पासून लागू झाला आणि त्यानं मुलीच्या लग्नाचं वय किमान चौदा ठरवलं. त्याआधीच्या पिढ्यांत हादग्याचा फेर ही सासरी असलेल्या पोरींना अंगणात, मोठ्यांच्या देखत, तक्रार करायची परवानगी होती. गाणी उरली, तक्रारदार बदलल्या. आजच्या मुली ती नुसत्या ठेक्यासाठी म्हणतात, आणि ठेका खरोखरच चांगला आहे.

सीमा ओलांडणं

दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून लुटतात, पण बाजारातल्या जुड्यांत कांचनाची पानं सर्रास मिसळलेली असतात. आपट्याचं पान लहान, जाडसर, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदी जास्त. कांचनाचं मोठं, मऊ, आणि मधली खाच खोल. लहान मुलांनाही हा फरक एकदा दाखवला की कळतो. आपटा आधीच कमी होत चाललाय, त्यात फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. एकमेकांना एकेक पान पुरतं.

सोनं लुटण्यामागं सीमोल्लंघन आहे, आणि सीमोल्लंघनामागं पुन्हा पाऊस. चार महिने नद्यांना उतार नसे, वाटा चिखलात बुडालेल्या, तोफा आणि बैल हलत नसत. आश्विनात पाणी ओसरलं, घोड्यांना चरायला गवत मिळालं की मोहिमा सुटत. नाशिकच्या परिसराला याचा एक नेमका दाखला आहे. ऑक्टोबर १६७० च्या सुरुवातीला शिवाजी महाराजांनी दुसऱ्यांदा सुरत लुटली. परतीच्या वाटेवर सातमाळा डोंगरांच्या कुशीत मुघल फौजेनं गाठलं आणि १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीची लढाई झाली. आज त्या तारखेच्या आसपास त्याच दिंडोरी तालुक्यात द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असते आणि पोरं किल्ल्यासाठी दगड गोळा करत असतात.

किल्ला: नेमका कुठला?

दिवाळीतला मातीचा किल्ला शिवकाळाची आठवण म्हणून सांगितला जातो. त्यात एक जुना धागाही मिसळलेला दिसतो. देशावर बऱ्याच ठिकाणी वसुबारसेपासून पाडव्यापर्यंत दारात शेणाच्या गवळणी, पेंद्या, गोठा, गाई-वासरं मांडतात. किल्ल्याच्या पायथ्याशी हमखास असणारी गवळण, शेतकरी, विहीर, बैलगाडी यांचं सिंहासनाशी काही नातं नाही. ती त्या शेणाच्या गोकुळातून आलेली वाटतात. वर गड आणि खाली गाव, अशी दोन मांडण्यांची सरमिसळ.

नाशिकच्या मुलांना नमुन्यांची ददात नाही. जिल्ह्यात साल्हेर आहे, १५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ ची लढाई त्याच्याच पायथ्याशी झाली, आणि जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत तो आहे. हरिहर आहे, कातळात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्यांचा. १८१८ नंतर इंग्रजांनी अनेक गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंग लावून मोडल्या, हरिहरच्या उरल्या. धोडप आहे, उभ्या कातळभिंतीचा, त्या भिंतीला मधेच मोठी खाच. मनमाडजवळ अंकाई-टंकाईची जोडी आहे. आणि शहरापासून हाकेवर रामशेज, ज्याला १६८२ पासून मुघल फौजा वेढा घालून बसल्या आणि काही वर्षं बसूनच राहिल्या. किल्ल्यावर लोखंडी तोफ नव्हती, म्हणून लाकूड पोखरून तोफा केल्या, असं खुद्द मुघलांच्या बाजूच्या खाफीखानानं लिहून ठेवलंय. एवढं असताना दर आळीत रायगडच का होतो, हे कोडं आहे. रामशेज करायला सोपा, बुटका, आणि त्याची गोष्ट सांगायला दहा मिनिटं पुरतात.

या सगळ्या गडांची घडण एकाच खडकाची आहे, ती समजून घेतली की किल्ला खरा दिसायला लागतो. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सह्याद्री झाला. कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. भूशास्त्रात दख्खनच्या या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. म्हणजे नाशिकचा डोंगर पायऱ्यांचा असतो, शंकूसारखा निमुळता नाही. वरचा माथा सपाट ठेवा, त्याखाली चार-पाच इंचांचा उभा कडा, मग उतार, मग आणखी एक कडा. उतारावर हिरवळ लावायची, कड्यावर नाही. एवढं पाळलं तर बघणाऱ्याला तो लांबूनही सह्याद्रीतला वाटतो.

काळी की पांढरी

किल्ला ढासळण्याची दहातली आठ कारणं मातीत असतात. नाशिकच्या शेतातली काळी माती बेसाल्टपासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा त्याच, आणि तिसऱ्या दिवशी किल्ल्याला पडतात त्याही त्याच. नुसत्या काळ्या मातीचा किल्ला पहिल्या दिवशी सगळ्यांत सुंदर दिसतो, हातातून साबणासारखा सुळसुळतो, आणि लक्ष्मीपूजनाला त्याच्या बुरुजात बोट जाईल एवढी फट असते.

गावाच्या भाषेत जमिनीचे दोन भाग असतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. शेकडो वर्षं एकाच जागी घरं पडून, चुलीची राख, शेण, भिंतींची माती साचून जी फिकट माती तयार होते ती पांढरी. ती आकसत नाही, म्हणून जुन्या घरांच्या भिंती आणि धाबी तिनंच लिंपत. किल्ल्याला तीच सगळ्यांत चांगली. पण ती आणायला जुन्या टेकाडावर कुदळ चालवू नये. त्या टेकाडात काय असतं, हे नाशिकनंच दाखवून दिलंय. जुन्या नाशकात गोदावरीच्या काठावर मातीची गढी आहे, जिला काझीची गढी म्हणतात. १९५०-५१ मध्ये हसमुख सांकळिया आणि शां. भा. देव यांनी तिथं उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे थर ताम्रपाषाणयुगापर्यंत खाली गेले, वर सातवाहनांचा काळ मिळाला. तीच गढी दर पावसाळ्यात नदीच्या बाजूनं कोसळते, आणि पावसात तिथल्या रहिवाशांना हलवायची वेळ येते. मातीचा उभा उतार पाणी मुरल्यावर का सुटतो, याचं शहरातलं सर्वांत मोठं उदाहरण तेच आहे.

पांढरी नसेल तर मिश्रण करावं. दोन घमेली काळी माती, एक घमेलं चाळलेला मुरूम किंवा वाळू, आणि त्यात दोन मुठी बारीक चिरलेलं गवत किंवा भाताचं तूस. इगतपुरी-त्र्यंबककडून येणाऱ्या घरात तूस असतंच. वाळू आकसणं कमी करते, तूस भेग पुढं जाऊ देत नाही. मूठभर मिश्रणाची वळी करून पाहायची. करंगळीएवढी वळी वाकवल्यावर लगेच तुटली तर वाळू जास्त झाली, बोटाला चिकटून राहिली तर पाणी जास्त झालं.

चार फूट लांब, चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच किल्ल्याला साधारण दहा-बारा घमेली माती लागते, पण ती फक्त वरच्या थराला. आत मातीच भरली तर ती आठवडाभर वाळत नाही आणि आपल्याच वजनानं बसते. आतला सांगाडा विटा, दगड, फुटक्या कौलांचा, रचताना एकमेकांत अडकवलेला. त्यावर गोणपाट. इथं सगळ्यांत जास्त चुका होतात. गोणपाट कोरडंच टाकलं तर ते वरच्या मातीतलं पाणी ओढून घेतं, माती पापुद्र्यासारखी सुटते आणि दुसऱ्या दिवशी हात लावला की अख्खा कडा खाली येतो. गोणपाट आधी पाण्यात पूर्ण भिजवायचं, पिळायचं, मग घट्ट ताकाएवढ्या पातळ, मातीच्या काल्यात बुडवून दगडांवर चापून बसवायचं. दगडांच्या खोबणीत बोटांनी दाबायचं, नाहीतर खाली पोकळी राहते. हा थर चार-पाच तास अर्धवट सुकू द्यायचा. मग अर्ध्या इंचाचा जाड थर, तो ओलसर असतानाच कडे आणि पायऱ्या कोरायच्या.

पायऱ्यांना लाकडी पट्टी उत्तम. वरून खाली कोरत यायचं, खालून वर नाही, म्हणजे खरवडलेली माती पुढच्या पायरीला उपयोगी पडते. हरिहर करायचा असेल तर उतार ऐंशी अंशांच्या जवळ ठेवा आणि प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना काडीनं खोबणी पाडा, तिथं खऱ्या गडावर हात धरायच्या खाचा आहेत. बुरूज रिकाम्या डब्याभोवती माती लिंपून करतात. डब्याला आधी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळा, नाहीतर उभी चीर पडते, कारण माती आकसते आणि पत्रा आकसत नाही. विहिरीला नारळाची करवंटी. तळ्याला थाळी पुरली की पाणी मुरत नाही.

चीर पडलीच तर लगेच चिखल भरू नये. चीर पाण्यानं ओली करायची, मग वाळू जास्त असलेला काला बोटानं आत ढकलायचा. कोरड्या चिरेत भरलेला चिखल संध्याकाळपर्यंत पोपडा होऊन बाहेर येतो.

हळीव

हिरवळीला धने, गहू, मोहरी, हळीव काहीही चालतं, पण उतारावर हळिवासारखं दुसरं नाही. भिजलं की हळिवाभोवती बुळबुळीत आवरण तयार होतं आणि बी स्वतःच मातीला चिकटून बसतं. मोहरी उतारावरून घरंगळते, सगळी पायथ्याला उगवते आणि वर टक्कल राहतं. धन्यांना आठ-दहा दिवस लागतात, तेही चोळून दोन फाके केले तर. गहू चार-पाच दिवसांत येतो पण गवतासारखा उंच वाढून तटबंदी झाकतो.

दहा चौरस फूट उताराला पन्नास ग्रॅम हळीव पुरतं. पंधरा मिनिटं भिजवून, मूठभर बारीक मातीत कालवून हातानं शिंपडायचं आणि एक दिवस ओल्या फडक्यानं झाकायचं. आश्विन वद्य अष्टमीला पेरलं तर वसुबारसेला नखाएवढं आणि लक्ष्मीपूजनाला दोन बोटं असतं. त्याआधी पेरलं तर दिवाळीपर्यंत ते पिवळं पडून आडवं होतं. पाणी झारीनं घालू नये, धारेनं मातीला घळी पडतात. फुलांवर मारायचा फवारा सकाळ-संध्याकाळ, बस. चिमण्या आणि मुंग्या बी उचलतात, त्यासाठीही फडकं उपयोगी.

मावळे कुंभारवाड्यातून यायचे, शाडूचे, दोन भागांच्या साच्यात दाबून काढलेले, नाकाच्या जागी रंगाचा ठिपका. आता बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात. ते हलके आणि रेखीव, पण ओल्या मातीत उभे केले की पायापासून भुसभुशीत होतात. पायाखाली सपाट खापरी ठेवावी. प्रमाणाकडं कुणी बघत नाही, आणि बघूही नये: तीन इंचांचा मावळा म्हणजे साधारण बावीसपट लहान माणूस, त्या हिशेबानं अडीच फुटी किल्ला जेमतेम पंचावन्न फुटांची टेकडी ठरतो. दरवाजा मात्र मावळ्यापेक्षा उंच ठेवा. महाराज वाकून आत जातात असं दिसू नये.

कंदील आणि दूध

आकाशकंदिलाचा पारंपरिक सांगाडा चोवीस सारख्या कामट्यांचा. बुरडाकडून आणलेल्या वाळलेल्या बांबूच्या, आठ इंची. ओला बांबू सहज वाकतो म्हणून मोह होतो, पण तो वाळला की बारीक होतो आणि दोऱ्याच्या गाठी सैल पडतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन आधी बांधायचे. एक वर, एक खाली, आणि बाकीचे चार टोकावर उभे, शंकरपाळ्यासारखे, शेजाऱ्याच्या टोकाला टोक लावून. उभ्या चौकोनांची वरची टोकं वरच्या चौकोनाच्या कोपऱ्यांना, खालची खालच्या. एकूण बारा सांधे होतात आणि मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. हा आकार मुळातच पिळला जाणारा आहे, सांधा सैल असेल तर हातात घेताच सगळा कंदील गिरकी घेऊन बसतो. म्हणून कागद लावताना आधी समोरासमोरचे चौकोन चिकटवावेत, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा येतो आणि आकार धरून राहतो. वरचा चौकोन उघडाच, धग जायला.

खळ घरचीच: एक कप पाण्यात दोन चमचे मैदा, गुठळी न होता शिजवून काचेसारखा होईपर्यंत. तिच्यात चिमूटभर मोरचूद घातलं की झुरळं कागद खात नाहीत. मोरचूद विषारी असतं, ते मोठ्यांनी घालावं आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकात वापरू नये.

कोजागरीला एक लिटर म्हशीचं दूध पाऊण लिटर होईपर्यंत आटवायचं, साखर शेवटी, जायफळ चिमूटभर, चारोळी हवीच. त्या रात्री सप्तशृंगी गडावर कावडी येतात, नद्यांचं पाणी खांद्यावर घेऊन. त्या वाटेवरच्या गावांत मुलं रात्री उशिरापर्यंत जागी असतात ती कावडी बघायला, दुधासाठी जागतात ती शहरातली.

भाऊबीजेनंतर

किल्ल्याचा शेवट बहुतेक आळ्यांत सुतळी बॉम्बनं होतो. बुरुजात बॉम्ब पुरला की पत्र्याचा डबा आणि खापऱ्या उडतात, म्हणून आधी डबे काढून घ्यावेत आणि लावणारा मोठा माणूस असावा. त्यापेक्षा तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवून, हळिवाच्या मुळांसकट माती कुंड्यांत गेलेली बरी. वाळू-तूस घातलेली ही माती कुंडीला नुसत्या काळ्या मातीपेक्षा चांगली, पाणी निचरते. फ्लॅटच्या गच्चीत किल्ला करणाऱ्यांनी खाली जाड प्लास्टिक अंथरावं आणि काढताना माती गोणीत भरावी, सांडपाण्याच्या जाळीत लोटू नये. काळी माती पाइपात बसली की पुन्हा फुगते.

गोणीला तोंड बांधून ती जिन्याखाली ठेवली तर पुढच्या वर्षी माती फोडायचा एक दिवस वाचतो. फक्त त्यातले प्लास्टरचे तुकडे वेचून काढा. ते विरघळत नाहीत, आणि पुढच्या किल्ल्याच्या कड्यावर नेमके पांढरे ठिपके होऊन वर येतात.